पाय थांबले, हात सुटले

३ फेब्रुवारी, सोमवार

चार वाजून दहा मिनिटं. दुपारचे! म्हणजे आणखी दोन तास अलीकडे आलं.

आधी रात्री अंथरुणावर पडलो की व्हायचं. मग जेवताना. मग संध्याकाळी सहाला. आज बँकेच्या इमारतीत, वर मशीनरूममध्ये, लिफ्टच्या नोंदवहीत सही करायला स्टुलावर बसलो आणि सुरू! उभा राहून, भिंतीला वही लावून लिहिलं. वॉचमन म्हणाला, “काय घाई आहे एवढी?” काय सांगणार त्याला.

डॉक्टर म्हणालेत, वेळा लिहून ठेवा. म्हणून ही वही. पोरीची आहे, कॉलेजातली, निम्मी कोरी.

कसं वाटतं तेही लिहा म्हणाले. कसं लिहू? दुखत नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, दुखणाऱ्या माणसाला लोक निदान खुर्ची देतात. मला खुर्चीच नको असते. पिंढरीच्या आत, हाडाला लागून, कुणीतरी दोरा ओढतं. पाय हलवला की सोडतं. थांबवला की पुन्हा ओढतं. बस्स, एवढंच. एवढ्यासाठी सहा वर्षं मी घरात येरझाऱ्या घालतोय. चार वर्षं नुसत्याच, आणि दोन वर्षं ती पांढरी गोळी घेऊन.

६ फेब्रुवारी

चष्मेवाले डॉक्टर. वही दाखवली. त्यांनी पान उलटलंसुद्धा नाही.

“वेळ अलीकडे येतेय ना? मग गोळी वाढवू.”

एकाच्या दोन. तीन मिनिटांत बाहेर.

९ फेब्रुवारी, रविवार

झोपलो!! सात तास, सलग! सकाळी ही माझ्या नाकाशी हात धरून बघत होती. म्हणाली, “अहो, श्वास चालू आहे का बघत होते. इतके गप्प कधी असता तुम्ही?”

पाय म्हणजे नुसते दोन पाय. मस्त.

१६ फेब्रुवारी

झोप. झोप. झोप.

२ मार्च, रविवार

आज हत्यारांची पिशवी साफ केली. सगळे पाने रॉकेलमध्ये धुतले, पुसले, लहान-मोठे लावले. मग खालचे सुटे नट, वायसर, पिना. एवीतेवी काढलेच आहेत तर लावू म्हटलं. जाडीप्रमाणे. मग आट्यांप्रमाणे. ही जेवायला तीनदा हाक मारून गेली म्हणे. मला एकदाच ऐकू आली.

सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कागदी पुड्या करून. फार बरं वाटलं. काम केल्यासारखं नाही, पोहून आल्यासारखं.

११ मार्च

भिंतीवरचं घड्याळ खोललं. थोडं पुढे जात होतं.

१४ मार्च

इस्त्री खोललं. खोलली. काय लिहितोय! आज डोकं पुढे आणि हात मागे.

(इस्त्रीला काही झालं नव्हतं.)

२३ मार्च

घरात रणकंदन.

सासूबाई आल्या आहेत दोन दिवस. त्या न्हाणीघरात गेल्या आणि आतच अडकल्या. कारण दाराच्या कुलपाचा आतला भाग माझ्या पुढ्यात, वर्तमानपत्रावर, नीट ओळीत मांडलेला! सकाळी काढला होता, नुसता बघायला. पाऊण तास त्या आतून ओरडत होत्या. मी गॅलरीत बसून स्प्रिंगा पुसत होतो.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, “जावईबापू, मी नको असेन तर तोंडाने सांगा.” पोरगी हसून हसून बेजार. ही हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. लिफ्टमध्ये अडकून बाहेर आलेली माणसं दोराकडे बघतात, तशी.

रात्री म्हणाली, “तुम्हाला आम्ही दिसत नव्हतो.”

मी म्हटलं, “उगाच काहीतरी.”

१ एप्रिल, मंगळवार

पोरीने गोळ्यांच्या खोक्यातला कागद उलगडून वाचला. तो पातळ, मुंगीच्या अक्षरांचा.

“बाबा, इथे लिहिलंय बघ. ही गोळी घेणाऱ्या काहींना कसला तरी नाद लागतो. जुगाराचा, खरेदीचा, खाण्याचा. नाहीतर तीच तीच वस्तू सोडायची, जोडायची, लावायची. तुला नाही ना असं?”

“मी मेकॅनिक आहे. सोडणं-जोडणं हा माझा नाद नाही, धंदा आहे.”

कागदाची घडी तिला जमेना. मी घालून दिली. चार वेळा घातली, कडा जुळत नव्हत्या.

८ एप्रिल

चष्मेवाले रजेवर. त्यांच्या जागी झोपेच्या डॉक्टरीणबाई. ह्यांनी वही वाचली! पहिल्या पानापासून. घाबरलो. मग आठवलं, डॉक्टरांना दाखवायची म्हणून पोरीकडून नवी वही घेतली होती, तिच्यात फक्त वेळा आहेत.

“पाय आता कधी?”

“जवळजवळ नाहीच.”

“हातात? दंडात ओढ?”

“नाही.” (आहे. दहा दिवसांपासून, डाव्या दंडात.)

मग पेन खाली ठेवून, सरळ डोळ्यांत बघून, “काही नवीन सवय लागली आहे का? घरच्यांना खटकते अशी? लाजू नका, हा तुमचा दोष नसतो, गोळीचा असतो.”

“नाही.”

किती पटकन निघालं तोंडातून! खरं सांगितलं असतं तर गोळी बंद. गोळी बंद म्हणजे पुन्हा येरझाऱ्या. नाही. ते नको. घड्याळं काय, पुन्हा जोडता येतात.

त्या म्हणाल्या, “पूर्वी आम्ही ही गोळी सर्रास द्यायचो. आता शक्यतो सुरुवात हिने करत नाही. काही वर्षांनी हीच आजार वाढवते. वेळ अलीकडे आणते, पायातून हातात चढवते. आणि माणूस म्हणतो, आणखी द्या. दुसरे उपाय आलेत आता. विचार करा.”

मी मान हलवली. गोळ्या घेऊन घरी आलो.

१७ एप्रिल

आज काय झालं ते मला नीट कळलेलं नाही. लिहून बघतो.

प्रसूती रुग्णालय. स्ट्रेचरची लिफ्ट. माझ्या अकरा लिफ्टांतली नववी. काम अर्ध्या तासाचं, तेल आणि पुसपास. साडेदहाला लिफ्ट बंद करून मशीनरूममध्ये गेलो. ब्रेकवर थोडी धूळ होती. पुसायला झाकण काढलं.

मग दोन वाजले होते.

फोनवर चौदा मिसकॉल. खाली नर्सबाई लाल होऊन उभ्या, “साडेतीन तास! दोन बायांना आम्ही हातांवर उचलून जिन्याने वर नेलंय!” मी म्हटलं, ब्रेक बघत होतो. खोटं नाही. ब्रेक पूर्ण खोलला होता, तसाच पूर्ण बसवला. लिफ्ट वर-खाली चालवून बघितली. चालली.

पण का खोलला?

साडेतीन तास. एकदाही पाय आठवले नाहीत.

२० एप्रिल, रविवार

डब्यातल्या पुड्या पुन्हा लावल्या. एक पिन जास्त आहे.

दोन पायांची पिन, नट सैल होऊ नये म्हणून त्याच्या भोकातून घालून पाय फाकवतात ती. माझ्या डब्यातल्या सगळ्या धुतलेल्या, कोरड्या. हिच्यावर ताजं तेल आहे.

जुन्या मालातली असेल. पिशवीत पडली असेल. असेल ना!

२१ एप्रिल

झोप नाही. पायांमुळे नाही.

शपथेवर सांगता येत नाही की ती पिन नववीचीच. त्याच आठवड्यात बँक, डोळ्यांचा दवाखाना आणि एक उंच राहती इमारतही केली. तिथेही ‘थोडं बघून’ घेतलं होतं. किती थोडं?

उद्या कुणाला न सांगता सगळ्या तपासतो. दोन दिवसांचं काम. मग झालं.

२२ एप्रिल

पहिली बघितली. ठीक. दुसरी बघितली. ठीक.

तिसरी डोळ्यांच्या दवाखान्याची. ब्रेकची पिन जागेवर होती. दिसली. बॅटरी मारून बघितली, बोट लावून बघितलं. हो, आहे. आता झाकण लावायचं आणि निघायचं, एवढंच उरलं होतं.

आणि माझ्या हातात पाना होता. आणि नट निम्मा सुटला होता.

मी सोडला नव्हता. म्हणजे मीच सोडला होता, दुसरं तिथे कोण होतं! जी पिन आहे का बघायला आलो तीच काढून मांडीवर ठेवलेली. आणि बरं वाटत होतं. हे लिहायलाच हवं. घाबरलो तेव्हाही आतून बरं वाटत होतं.

परत लावली. लावली का? हो. फोटो काढला. खाली येऊन रस्त्यावर उभा राहून सात वेळा फोटो बघितला.

मी तपासू शकत नाही. हे हात तपासत नाहीत, उघडतात.

२३ एप्रिल, बुधवार

साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. टोपी काढली, पुन्हा घातली. बावीस वर्षांत माझ्या कामाची एक तक्रार आलेली नाही.

“साहेब, माझ्या अकराच्या अकरा लिफ्ट बंद करा. आत्ता. आणि दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.”

ते हसले. “अरे, बस तरी.”

“बसवत नाही, साहेब.” आणि पिन टेबलावर ठेवली.

सगळं सांगितलं. गोळी, घड्याळ, न्हाणीघर, साडेतीन तास. ते हळूहळू खुर्चीत मागे गेले. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. फोन उचलला आणि अकरा ठिकाणी तेच वाक्य बोलले. मी उभ्या उभ्या ऐकलं. अकरा वेळा.

मग शिट्टीला बोलावलं. शिट्टी म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना मेकॅनिक, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. लिफ्टच्या उभ्या शाफ्टमध्ये उतरला की शिट्टी वाजवत काम करतो, म्हणून ते नाव. पिन हातात घेऊन त्याने फिरवली. माझ्याकडे एकदा बघितलं.

“मी बघतो,” म्हणाला. “तू घरी जा, भाऊ.”

२४ एप्रिल

सापडलं. नववीच. प्रसूती रुग्णालय.

शिट्टीने फोन केला. “नट फिरत फिरत बाहेर आला होता. दोन आटे उरले होते.”

“लिफ्ट पडली असती?”

“पडली नसती, तेवढे बाकीचे बंदोबस्त असतात. पण मजल्यावर थांबून राहिली नसती. दार उघडं असताना सरकली असती.”

दार उघडं. स्ट्रेचर निम्मं आत, निम्मं बाहेर.

फोन ठेवला. ही स्वयंपाकघरात होती. तिच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ती मागे वळली नाही. गॅस बंद केला. म्हणाली, “डॉक्टरीणबाईंकडे मी येणार. आणि ती वही नाही, ही वही घ्यायची.”

२५ एप्रिल

बाईंनी ही वही वाचली. वाचताना एकदा डोळे मिटले. बहुतेक ‘नाही’च्या पानावर.

“गोळी आज कमी, एकदम बंद नाही. पुढचे काही आठवडे फार वाईट जातील, खोटं सांगत नाही. रक्तातला लोहाचा साठा बघू.”

बघितला. जवळजवळ रिकामा! सहा वर्षांत एकानेही बघितला नव्हता.

५ मे

शिरेतून लोह. बाटली उलटी टांगलेली, गडद तपकिरी, गंजाच्या पाण्यासारखी. बसून राहायचं होतं. बसलो नाही, सलाईनच्या दांड्याला धरून उभ्याउभ्या घेतलं. नर्स म्हणाली, “काका, तुम्ही पहिलेच.”

लगेच गुण येत नाही म्हणे. आठवडे लागतात.

११ मे

गोळी निम्मी. पाय नाहीत, दोन जनावरं आहेत. हातही. पहाटेपर्यंत चाललो. पोरगी उठून आली, बरोबर चालली.

१४ मे

मी बाद आहे.

१५ मे

एकच गोळी. फक्त एक जास्तीची घेतली तर? खोकं कुठे आहे ते हिने मला सांगितलेलं नाही. स्वयंपाकघरातले सगळे डबे बघितले. मग डबे लावत बसलो. ही आली, तिने माझे दोन्ही हात धरले आणि तशीच बसून राहिली. मी पाय आपटत होतो, ती हात सोडत नव्हती.

२४ मे

गोळी बंद. पूर्ण. त्याऐवजी दुसऱ्या जातीची कॅप्सूल, संध्याकाळी. गुंगी येते, पण हात माझे आहेत.

बिस्किटांचा डबा ह्या महिन्यात दोनदा उघडला. आज उघडला, बघितला, कंटाळा आला. कंटाळा! पेढे वाटावेत असं वाटलं.

३ जून

कामावर. साहेबांनी स्टोअरमध्ये घातलंय. माल द्यायचा, सही घ्यायची. माझ्या अकराही लिफ्ट शिट्टीकडे. बरोबरच आहे. तरी जाता-येता बँकेच्या दारातून लिफ्टचा आवाज ऐकून घेतो. दोर छान बोलतोय.

शिट्टी दुपारी स्टोअरमध्ये येतो, उभ्यानेच चहा पितो आणि विचारतो. गोळीचं, लोहाचं, बाईंचं. कुणी इतकं विचारत नाही. चांगला माणूस.

१७ जून

पट्टे! बाईंनी आणले. दोन्ही गुडघ्यांच्या खाली बांधायचे, तिथे कातडीखाली एक शीर आहे म्हणे, स्नायू हलवणारी. पट्टा तिला विजेचे बारीक ठोके देतो. नडगीजवळचा स्नायू आपोआप आवळतो, सुटतो, आवळतो. माझा मेंदू समजतो, हा चाललाय. आणि गप्प बसतो. मेंदूला असं गंडवायचं!

“नवीन आहे,” बाई म्हणाल्या. “सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. तुम्हाला काय होतं ते लिहा. सगळं लिहा.”

सगळं लिहीन म्हटलं.

१९ जून

ठोके विचित्र. ज्याला पट्टा लावला तो पाय आपला नाही असं वाटतं. पण अर्धा तास खुर्चीत बसलो. खुर्चीत!

६ जुलै, रविवार

चौघे सिनेमाला गेलो, सासूबाईंसकट. पँटच्या आत पट्टे. शेवटपर्यंत बसलो. सिनेमा भिकार होता. मला फार आवडला.

२८ जुलै

पाच तास झोप. सहाही कधीकधी. लोहाचा साठा वर आलाय. बाई म्हणाल्या, हा आजार जात नाही, पण आता तो तुमच्या मागे चालेल, पुढे नाही.

साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू, दोन लिफ्ट परत देऊन. शिट्टीच्या हाताखाली.

ही म्हणाली, “घ्या. आता आम्ही दिसतो तुम्हाला.”

१९ ऑगस्ट, मंगळवार

पट्ट्यांच्या तपासणीला गेलो. बाईंच्या खोलीतून शिट्टी बाहेर आला.

मला बघून दचकला. मग हसला. “तुझं बघून धीर आला, भाऊ. म्हटलं दाखवू एकदा.” हातात गोळ्यांचं खोकं. तेच. पांढऱ्या. म्हणाला, तीन वर्षं घेतोय, चष्मेवाल्यांकडून. सध्या दिवसाला चार.

मी विचारलं, “बाईंनी सवयींचं विचारलं असेल ना?”

“विचारलं की. मी म्हटलं, छे!”

आणि खिशात हात घालून काहीतरी लोखंडी खुळखुळवत उभा राहिला.

एप्रिलमध्ये अकराच्या अकरा ब्रेक त्यानेच खोलून तपासले होते. एकट्याने.